नाव कॅसिनोला, माणूस मोंतोनेला

बेळगावला रंगरूट असताना आप्पांच्या उस्तादांनी त्यांच्याकडून दोन नावं घोकून घेतली होती. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. दोघं मराठा पलटणीचे, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश सैन्याचं सर्वोच्च शौर्यपदक, आणि दोघांनाही तो दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या लढाईसाठी. मी लहान असताना आप्पा सुट्टीवर आले की रात्री अंगणात या दोघांची गोष्ट सांगायचे. शेवटी पलटणीची आरोळी असायची, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." आणि पुढचं "जय" म्हणायचं काम माझं.

आप्पा जंगी पलटणीतून, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी सात वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला आहे. दिवाळीत फोनवर त्यांनी विचारलं, "बाळा, तुझ्याकडनं इटली लांब आहे का गं?" त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मी हिवाळाभर नकाशे घेऊन बसले.

तेव्हा एक गोष्ट कळली, जी आप्पांनाही माहीत नव्हती. घाडग्यांचा देह सापडलाच नाही. त्यांचं नाव कोरलंय रोमच्या दक्षिणेला, कॅसिनोच्या स्मारकावर. ते पडले तिथून कितीतरी उत्तरेला, उंब्रिया प्रांतात, मोंतोने गावाजवळच्या डोंगरात. आणि त्यांचं गाव पळसगाव, रायगडात, माणगाव तालुक्यात. नावापासून जागेपर्यंतचं अंतर आपण स्वतः कापायचं, असं आम्ही ठरवलं. मी चारचाकी भाड्याने घेऊ का म्हणून विचारलं तर आप्पा म्हणाले, "काच लावून बसल्यावर जमीन कळत न्हाई. तुझ्या गाडीवरनं जाऊ."

माझी गाडी हिमालयन ४५०. पाठीमागे दोन पॅनियर, त्यात दोघांचे कपडे, चेनचं तेल, पंक्चरचं किट. आप्पांचं व्हिसाचं काम मुंबईत झालं, हेल्मेट-जॅकेट मी इकडून घेतलं, आणि दोन्ही हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र बसवलं. एप्रिलच्या मध्यावर मी दोन दिवसांत आल्प्स ओलांडून रोमला पोचले आणि आप्पांना विमानतळावर घेतलं.

दिवस पहिला, १८ एप्रिल. रोम ते कॅसिनो

टोलचा मोठा रस्ता सोडून आम्ही मुद्दाम व्हिया कॅसिलिना धरला. हाच तो जुना सहा नंबरचा रस्ता. १९४४ साली दोस्त सैन्याला दक्षिणेकडून रोमला पोचायचं होतं ते याच वाटेने, लिरी नदीच्या खोऱ्यातून. जानेवारी ते मे असे चार महिने त्यांना कॅसिनोपाशी रोखून धरलं गेलं. रोम हाती आलं ४ जूनला. आम्ही तोच रस्ता उलट्या दिशेने, वाटेत दोनदा कॉफी पिऊन, अर्ध्या दिवसात संपवला.

आप्पांनी आयुष्यभर बुलेट चालवली, मागे बसायची त्यांना सवय नाही. पहिले वीस किलोमीटर त्यांचा उजवा पाय माझ्याबरोबर ब्रेक दाबत होता, ते मला जाणवत होतं. इकडे वाहनं उजवीकडून जातात, त्यामुळे प्रत्येक चौकात त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा. फ्रोझिनोने मागे पडलं तसे ते सैल झाले आणि डोंगरांकडे बघायला लागले.

कॅसिनो जवळ येताना तिथला ख्रिस्ती मठ आधी दिसतो. गाव दिसायच्या कितीतरी आधी. पांढरी, लांबलचक इमारत, डोंगराच्या माथ्यावर. आप्पांनी हेल्मेटमधून एवढंच म्हटलं, "वरनं सगळं दिसत असणार. आपण आत्ता दिसतोय."

दिवस दुसरा, १९ एप्रिल. कॅसिनो

आधी वर गेलो. सात-आठ वळणांचा घाट आहे. मठ संत बेनेडिक्ट यांनी ५२९ साली स्थापन केला, पण आज उभं आहे ते बांधकाम युद्धानंतरचं. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या बॉम्बफेकी विमानांनी तो जमीनदोस्त केला. जर्मन सैनिक तेव्हा मठाच्या आत नव्हते. आत आसऱ्याला आलेले गावकरी होते, ते मेले. आणि भिंती पडल्यावर त्या ढिगाऱ्यात जर्मन छत्रीधारी सैनिक येऊन बसले, ज्यांना मग तिथून हलवणं आणखी अवघड झालं. हे आप्पांना मी सांगत होते तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोडक्या घरात लपणं सोपं असतं. हे तिथल्या कुठल्या हवालदाराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं."

मठाच्या मागे ५९३ नंबरचं टेकाड आहे. फेब्रुवारीत आपल्या चौथ्या हिंदी डिव्हिजनने इथे धडका मारल्या. रॉयल ससेक्स, राजपुताना रायफल्स, गुरखे, एकामागून एक. मार्चमध्ये ९व्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनने मठाच्या अगदी खालचा एक सुळका घेतला आणि वरून विमानाने टाकलेल्या रसदीवर तो कित्येक दिवस धरून ठेवला. शेवटी १८ मेला मठ पोलिश सैनिकांच्या हाती लागला. त्यांची दफनभूमी इथेच डोंगराच्या कुशीत आहे आणि त्यांचे जनरल आंदर्स यांनाही पुढे त्यांच्याच जवानांशेजारी पुरलं. पोलंडमधून आलेल्या शाळकरी मुलांची एक बस तिथे थांबली होती. मुलं ओळीने उभी राहून गात होती. आमच्याकडून कॅसिनोला शाळेची सहल काढणं कुणाला परवडणार नाही, पण शाळेत निदान एक धडा असावा, असं मला तिथे फार वाटलं. या इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय लढले. ५,७८२ परतले नाहीत. मी मराठी माध्यमात शिकले, आणि हे मला दहावीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते घरच्या अंगणात.

दुपारी खाली राष्ट्रकुलाच्या युद्ध दफनभूमीत गेलो. ४,२७१ जणांची नोंद आहे इथे. हिरवळ इतकी नीट कापलेली की बूट घालून चालताना अपराधी वाटतं. हिंदू जवानांच्या दगडांवर देवनागरीत "ॐ भगवते नमः" कोरलंय. इतके दिवस फक्त रोमन अक्षरं बघत असताना अचानक ती अक्षरं समोर आली आणि मला पुढे जाववेना.

मध्यभागी पाण्याचा हौद आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंच पाट उभे आहेत. ज्यांची थडगी नाहीत अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं त्यांवर आहेत. पलटणीप्रमाणे शोधत गेलो. मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव तेव्हाच्या वळणाने, एच जास्तीचा घालून कोरलंय. त्याखाली घाडगे, आणि नावाजवळ व्ही. सी. ही दोन अक्षरं.

आप्पांनी हेल्मेट खाली ठेवलं, जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली आणि सॅल्यूट केला. मग त्या नावाखालची नावं मोठ्याने वाचायला लागले. रोमन अक्षरांत आडनावं विचित्र दिसतात, इंग्रज कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलेलं. आप्पा एकेक नाव आधी मनात लावून बघायचे आणि मग नीट उच्चारायचे. कदम. मोरे. सावंत. शिंदे. एका नावापाशी अडले, तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, पवार असेल." त्यांनी पुन्हा वाचलं आणि मान डोलावली. पुढच्या प्रत्येक ठिकाणी नावं अशीच मोठ्याने वाचायची हे तिथेच ठरलं, न बोलता.

मी गाडीच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहून घेतला. इथून मोजायला सुरुवात.

संध्याकाळी गारी नदीवर गेलो, सांतांजेलो गावाजवळ. पुष्कळ जण हिला रापिदो म्हणतात. पाणी थंड, हिरवट, आणि वेग असा की काठी टाकली तर क्षणात दिसेनाशी व्हावी. जानेवारीत अमेरिकन ३६व्या डिव्हिजनने इथे नदी ओलांडायचा प्रयत्न केला आणि दोन दिवसांत तिची भयंकर हानी झाली. ११ मेच्या रात्री आपल्या आठव्या डिव्हिजनने, कॅनडाच्या रणगाड्यांच्या साथीने, तीच नदी ओलांडली. दुसऱ्या दिवशी ८व्या पंजाब रेजिमेंटच्या कमल राम या १९ वर्षांच्या शिपायाने लागोपाठ मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घेण्यासाठी तो जिवंत राहिला. सांतांजेलोत शांततेची एक घंटा टांगलेली आहे. आम्ही होतो तोवर ती वाजली नाही.

दिवस तिसरा, २० एप्रिल. कॅसिनो ते तोरिनो दि सांग्रो

इटलीचा कणा आडवा ओलांडायचा दिवस. आतिनावरून फोर्का दाचेरो खिंड चढलो. उंची पंधराशे मीटरच्या वर, रस्त्याच्या कडेला अजून मळकट बर्फ, बीचच्या झाडांना पालवी नाही. हेअरपिन वळणांवर आप्पा आता माझ्याबरोबर झुकायला लागले होते. मागचा माणूस वळणात ताठ बसला तर गाडी ओढून न्यावी लागते, झुकला तर ती आपोआप वळते. खिंडीत थांबून हात इंजिनाजवळ धरून शेकले. आप्पांनी डब्यातले तिळाचे लाडू काढले, आईने दिलेले.

पलीकडे उतरलो की सांग्रो नदीचं खोरं लागतं, आणि मग ते समुद्रापर्यंत सोडत नाही. १९४३च्या नोव्हेंबरमध्ये इथे इतका पाऊस झाला की नदीला पूर येऊन सैन्याने बांधलेले पूल वाहून गेले. सप्टेंबरात तारांतोला उतरलेली आठवी हिंदी डिव्हिजन त्या चिखलात अडकून लढली. जंगी पलटण त्यातच होती, २१व्या ब्रिगेडमध्ये. आप्पांना चिखलाचं फार वाटलं. "गोळीचं माणूस सांगतो," ते म्हणाले, "पण पंधरा-पंधरा दिवस बूट वाळत न्हाईत, ते कोण सांगणार?"

दफनभूमी समुद्राकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर आहे. २,६१७ थडगी. त्यातच एक स्मारक आहे, पाचशेहून अधिक भारतीय जवानांचं, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला. इटलीत अशी तीन स्मारकं आहेत. इथे, रिमिनीला गुरख्यांच्या दफनभूमीत आणि फोर्लीला. आम्ही इथली नावं वाचायला सुरुवात केली, पण अंधार पडला आणि फाटक बंद व्हायची वेळ झाली. सगळी वाचून झाली नाहीत. रात्री आप्पांना त्याची रुखरुख लागून राहिली, म्हणून सकाळी निघण्याआधी परत जाऊन उरलेली वाचली.

दिवस चौथा, २१ एप्रिल. मोंतोनेकडे

दिवसभर पाऊस. पेस्कारा, लाक्विला, रिएती, तेर्नी. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. दुपारी एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली तासभर उभे होतो. आप्पांचे हातमोजे भिजले, मी माझे त्यांना दिले आणि माझ्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. पेरुजा ओलांडून टायबरच्या खोऱ्यात शिरलो तेव्हा पाऊस थांबला होता.

दिवस पाचवा, २२ एप्रिल. मोंतोने

मोंतोने टेकडीवरचं, तटबंदीचं जुनं गाव आहे. खाली टायबरचा सपाट पट्टा, त्यात शेतं, आणि दोन्ही बाजूंना एकामागे एक डोंगररांगा. झाडी दाट, ओकची. १९४४च्या जुलैत जर्मन सैन्य याच रांगा एकेक करून सोडत, प्रत्येक रांगेवर मशीनगनी ठेवून मागे हटत होतं. दहावी हिंदी डिव्हिजन त्यांच्या मागे खोऱ्यातून वर सरकत होती आणि तिच्यात मराठ्यांची तिसरी बटालियन होती. तीच बटालियन पुढे छत्रीधारी झाली, आजची २ पॅरा.

१० जुलै. नाईक घाडग्यांच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले एकटे घाडगे. त्यांनी मशीनगनवर धाव घेतली. आधी ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा बंद केला. मग टॉमीगनने दुसऱ्याला टिपलं. मॅगझिन संपलं आणि बदलायला वेळ नव्हता, तेव्हा गन नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. ठाणं हाती आलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्या ठाण्यातच ते गेले. वय २२. पदक त्यांच्या पत्नीने घेतलं.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. पण आप्पा ती सांगताना नेहमी "एकट्यानं चौघांना मारलं" इथे थांबायचे. त्या दिवशी रांगेकडे बघत ते वेगळंच बोलले. "बाळा, तो नाईक होता. म्हणजे सेक्शन कमांडर. त्याची पोरं डोळ्यांपुढं पडली. मी पण नाईक होतो. दहा जणांची नावं, गावं, कुणाच्या घरी काय, सगळं तोंडपाठ असतं. तो धावला तो पदकासाठी नव्हं."

नेमकी जागा शोधायचा आम्ही प्रयत्न केला. डोंगरात जाणारे रस्ते पांढऱ्या खडीचे, डांबर नसलेले. आदल्या दिवशीच्या पावसाने ते निसरडे झाले होते. एका चढावर वळताना मागचं चाक घसरलं आणि गाडी डाव्या बाजूला आडवी झाली. वेग कमी होता. आप्पांच्या गुडघ्याला खरचटलं, डावा आरसा फुटला आणि क्लचची मूठ वाकली. मला रडू आलं, कारण त्यांना लागलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. त्यांनी मला गाडी उचलायला लावली, पाठ गाडीला टेकवून, पायांच्या जोरावर, जशी बुलेट उचलायला शिकवलं होतं तशी. मूठ वाकलेली असली तरी क्लच लागत होता. पुढे जायचं नाही असं मीच ठरवलं. आप्पांनी हट्ट धरला नाही. ते रस्त्याच्या कडेला बसून झाडीकडे बघत राहिले. म्हणाले, "ह्याच्यात कुठंतरी आहे तो अजून."

गावात परतलो. इथल्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या युद्ध-अभ्यासकांनी २०२३ साली घाडग्यांच्या नावाने एक स्मारक उभारलंय, सूर्यघड्याळाचं. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. आम्ही पोचलो तेव्हा ढग होते, घड्याळावर सावलीच नव्हती. बाकावर बसून राहिलो. कॉफीच्या दुकानातला एक म्हातारा आला, आप्पांच्या मिशीकडे बघून "इंदियानी?" म्हणाला आणि मी हो म्हटल्यावर त्याने आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. तो इटालियनमध्ये बोलत होता, आप्पा मराठीत. मी मध्ये पडले नाही.

सव्वाचारला ऊन आलं आणि सावली उमटली. आप्पांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते त्यांनी अजून भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं. "पळसगावात पावणेआठ," ते म्हणाले. "दिवे लागले असतील."

वहीतून मीटरचे आकडे वजा केले. कॅसिनोच्या नावापासून इथपर्यंत, आमच्या आडवळणाने, ५७२ किलोमीटर.

दिवस सहावा, २३ एप्रिल. मोंतेगुफोनी आणि फ्लॉरेन्स

सकाळ एका गॅरेजात गेली. मेकॅनिकने मूठ बदलली, आरसा लावला आणि आप्पांच्या गुडघ्यासाठी आतून मलम आणून दिलं.

दुपारी फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला मोंतेगुफोनीच्या गढीवर. युद्धात फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली दोनशेहून अधिक चित्रं बॉम्बपासून वाचवायला इथे आणून ठेवली होती. त्यात बोत्तिचेल्लीचं 'प्रिमाव्हेरा' म्हणजे वसंताचं मोठं चित्रही होतं. १९४४च्या जुलैअखेर आघाडी या गढीपर्यंत पोचली, आत निर्वासित भरलेले, भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं, आणि जंगी पलटणीने इथे तळ दिला. त्या चित्रांवर पहारा मराठा जवानांचा होता. आप्पा गढीच्या दारात उभे राहून हसले, त्या प्रवासातलं पहिलं मोकळं हसू. "आमच्या गणपतानं सांभाळलं बघ." मराठा जवानाला फौजेत लाडाने गणपत म्हणतात.

दुसऱ्या दिवशी उफिझीत ते चित्र पाहिलं. समोर खूप गर्दी होती. आप्पांनी चित्रापेक्षा त्याची लांबी-रुंदी निरखली. एवढं मोठं फळकूट दोन माणसांना उचललं नसतं, म्हणाले.

दिवस सातवा, २४ एप्रिल. फ्लॉरेन्स ते फोर्ली

फ्लॉरेन्स सोडण्याआधी कॅशिने बागेच्या पश्चिम टोकाला गेलो. तिथे आर्नो नदीला मुन्योने मिळते, आणि त्या संगमावर एक छत्री उभी आहे. खरी छत्री, आपल्याकडे घाटावर असते तशी. खाली कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ते फ्लॉरेन्समध्ये वारले. नगरपालिकेने परवानगी दिली आणि या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. शेजारच्या मोठ्या पुलाला लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात. याचा युद्धाशी संबंध नाही. पण पुढच्या दोन दिवसांत ज्यांची नावं वाचायची होती त्यांनाही याच देशात अग्नी मिळाला होता, आणि छत्री कुणालाच मिळाली नव्हती. आप्पांनी रस्त्यावर घेतलेली फुलं तिथे अर्धी ठेवली, अर्धी पॅनियरमध्ये.

मग मुराल्योने घाट. फ्लॉरेन्स ते फोर्ली या रस्त्यावरची ९०७ मीटर उंचीची खिंड. माथ्यावर एक जाड दगडी भिंत आहे, १८३६ साली बांधलेली, घोडागाडीवाल्यांना वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून. आज तिथे मोटरसायकलवाल्यांची जत्रा असते. रस्ता सुरेख, एकामागून एक वळणं, डांबर काळंभोर. याच डोंगरांत जर्मनांनी गॉथिक लाइन नावाची बचावाची फळी उभारली होती, आणि १९४४चा पावसाळा आणि हिवाळा आपली माणसं इथे होती. चढताना आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

रात्री फोर्लीत पियादिना खाल्ली. तव्यावर भाजलेली, ज्वारीच्या भाकरीएवढी, आत पातळ चीज. आप्पांनी तीन खाल्ल्या.

दिवस आठवा, २५ एप्रिल. फोर्ली आणि सेनिओ

२५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन. गावोगाव झेंडे, चौकात बँड, हुतात्म्यांच्या पाट्यांवर ताजे हार.

फोर्लीच्या भारतीय सैन्याच्या दफनभूमीत ४९६ थडगी आहेत आणि अग्नी दिलेल्या साडेसातशेहून अधिक जवानांचं स्मारक. सकाळी आठला पोचलो, दुसरं कुणी नव्हतं. उरलेली फुलं ठेवली आणि वाचायला बसलो. आप्पा डाव्या बाजूने, मी उजव्या. पंजाबी, गढवाली, नेपाळी नावं आमच्या तोंडात नीट बसत नव्हती, पण एकही सोडलं नाही. मराठा पलटणीच्या नावांपाशी आल्यावर आप्पांचा आवाज बदलला. ते हजेरी घ्यायला लागले. नाव घ्यायचे, क्षणभर थांबायचे, मग पुढचं. दीड तास लागला. माझा घसा बसला.

थडगं असलं की माणूस त्यापाशी बसू शकतो. अग्नी दिलेल्यांचं इथे नावाखेरीज काहीच नाही. राख कुठल्या पाण्यात गेली हे त्यांच्या आईला कुणी कळवलं असेल का, हा प्रश्न मला सकाळभर सोडत नव्हता.

दुपारी लुगोच्या दिशेने. हा सगळा प्रदेश सपाट आहे, पीच आणि द्राक्षांच्या बागांचा. डोंगर मागे राहिले. लुगो आणि फुझिन्यानोच्या मधल्या पट्ट्यात सेनिओ नदीचा बांध एकदम समोर उभा राहिला. पूर अडवायला नदीच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध घातलेले आहेत, घराच्या छपराएवढे. त्यांच्या पोटात जर्मनांनी खंदक आणि मशीनगनी रोवल्या होत्या, बाहेर सुरुंग पेरले होते. गाडी खाली लावली, स्टँडखाली चपटा दगड ठेवला आणि चढलो.

नदी बघून मी थबकले. लहानपणापासून माझ्या डोक्यात कृष्णेएवढं पात्र होतं. हा तर ओढा. पण आप्पांनी पाण्याकडे बघितलंच नाही. ते बांध बघत होते. खाली उतरले, परत वर चढले, पावलं मोजत. मग मला विचारलं, "तुझं वजन किती?"

"बासष्ट किलो, आप्पा."

"तेवढं खांद्यावर घेऊन हे चढायचं. ओल्या कपड्यांनी. खाली सुरुंग, वरनं मॉर्टर. आणि एकदा न्हाई, दोनदा."

९ एप्रिल १९४५ची संध्याकाळ. आधी विमानांनी आणि तोफांनी भाजून काढलेले हे बांध, मग पायदळ पाण्यात. नामदेव जाधव कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा शिपाई होता. पलीकडच्या बांधाशी त्याच्या भोवतीची माणसं मशीनगनने पडली. एका जखमीला त्याने खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. परत गेला, दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेला तो मशीनगनवर. एक ठाणं टॉमीगनने संपवलं. हाताला गोळी लागली, गन चालवता येईना, ती टाकून दिली आणि ग्रेनेड घेऊन आणखी दोन ठाणी संपवली. ग्रेनेड संपले तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत रांगत जाऊन मागच्या साथीदारांकडून नवे घेतले. मग सगळा मारा चालू असताना बांधावर उभा राहिला, पलटणीची आरोळी दिली आणि हात हलवून बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. इटलीतलं युद्ध २ मेला संपलं. तो नगर जिल्ह्यातल्या निमजला परत गेला.

आप्पा बांधाच्या माथ्यावर उभे होते. वारा होता. लांब कुठल्यातरी गावातून बँडचे सूर येत होते. त्यांनी टोपी नीट केली, टाचा जुळवल्या.

"बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..."

मी बसलेल्या घशाने "जय" म्हटलं. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि परत एकदा म्हणाले, आधीपेक्षा मोठ्याने. पलीकडच्या बांधावरून जाणारा एक सायकलवाला थांबला. त्याने पाय जमिनीला टेकवले, डोक्यावरची टोपी काढली आणि आमचं होईपर्यंत तसाच उभा राहिला.